मेलितोनची बारा गाणी

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली.

भुतंखेतं रात्रीची निघतात म्हणतात. हे सगळं भर दुपारी झालं. गेल्या वर्षीचा ऑगस्ट महिना. सिनालोआ प्रांतातलं मासात्लान शहर. बाजाराच्या मागच्या गल्लीतला जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ. वेळ दुपारी तीन.

ज्याच्यावर बेतलं तो मी नव्हे. मी फक्त त्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. बेतलं ते आमच्या गायकावर, निकांद्रो ओसुनावर. त्याने मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

आमचा बांदा, म्हणजे फुंकवाद्यांचा बँड, सोळा जणांचा. लग्न असो, बारसं असो की मयत... सिनालोआत बांदाशिवाय पान हलत नाही. आमचे म्होरके दॉन चेंचो. 'दॉन' आम्ही मानाने म्हणतो. वय एकाहत्तर, हातात क्लॅरिनेट, तोंडात शिव्या. वीस वर्षं त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. मेलितोन आरांबुरोची बारा गाणी आपल्या साजात बसवायची. त्या थोर माणसाला मानवंदना म्हणून अख्खा अल्बम काढायचा.

मेलितोनला जाऊन एकतीस वर्षं झाली होती. पण त्याचा आवाज गेला नव्हता. अजूनही प्रत्येक स्वयंपाकघरात, प्रत्येक गुत्त्यात तोच लागलेला.

सगळं ठरलं, आणि ऐन वेळी आमचा मुख्य गायक दुसऱ्या बांदात पळाला.

दॉन चेंचोंनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. ती निकांद्रोवर येऊन थांबली. हा बिचारा सात वर्षं मागे उभा राहून कोरस म्हणायचा.

"तू गाशील."

"म-म-मी?"

"नाही, माझा ट-ट-ट्यूबा गाईल," आमचा ट्यूबावाला तोमासो म्हणाला. सगळे खो खो हसले. निकांद्रोही हसला.

तो लहानपणापासून तोतरा. बोलताना अडखळायचा. गाताना मात्र एक अक्षर अडायचं नाही.

त्याने ही बातमी सगळ्यात आधी लालाला सांगितली.

लाला म्हणजे एउलालिया, त्याची मोठी बहीण. अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. चौदा वर्षांपूर्वी ती सीमेपलीकडे गेली, टुसॉनला. तिथे एका हॉटेलात चादरी धुते. कागदपत्रं नाहीत, त्यामुळे ती परत येऊ शकत नाही. याला व्हिसा मिळत नाही, त्यामुळे हा तिकडे जाऊ शकत नाही.

त्या दोघांना जोडणारी एकच गोष्ट होती. रविवारचा फोन.

"ल-ल-लाला, माझं नाव छापून येणार आहे."

"देवा! कोणतं नाव? नीको की निकांद्रो?"

"प-प-पूर्ण."

"मग मी इथल्या सगळ्या बायकांना ऐकवणार. आधी जेवतोस का ते सांग. आवाज बारीक येतोय तुझा."

आवाज बारीक येतोय... ती सहज म्हणाली होती.

---

मेलितोनने स्वतः जिथे गाणी भरली, त्याच स्टुडिओत अल्बम करायचा, हा दॉन चेंचोंचा हट्ट. इमारत पडायला आलेली. पण माइक तोच होता. गायकाची खोलीही तीच.

तीन पावलं लांब, तीन पावलं रुंद. भिंतींना जुनी गादी ठोकलेली. समोर छोटी काच. जाडजूड दार, आणि त्याचा खटका आतून मोडलेला.

"बाहेरून मी उघडतो," स्टुडिओचा उबाल्दो म्हणाला. "ओरडलास तरी ऐकू येणार नाही. काचेवर टकटक कर."

आमचं वाजवणं पंधरा दिवसांत झालं. मग निकांद्रो एकटा उरला. रोज दुपारी तीनला त्याला बोलावलं जायचं. त्या वेळी उन्हामुळे गल्ली सामसूम असते. गॅसवाला ओरडत नाही, ट्रक येत नाहीत. त्याचा फोन बंद करून उबाल्दोच्या टेबलावर ठेवायचा, हा नियम.

पहिला दिवस. पहिलं गाणं.

कानाला हेडफोन लावून तो उभा राहिला. आमचे ट्रम्पेट सुरू झाले. सुरुवातीचे सूर संपत आले...

आणि त्याच्या कानात कोणीतरी खाकरलं.

घसा साफ करावा तसं. अगदी जवळून.

तो थांबला. काचेवर टकटक केली. उबाल्दोने दार उघडलं.

"उबाल्दो, म-मध्ये खाकरू नकोस ना."

"मी? अरे, माझा माइक बंद आहे."

"मग कोण?"

उबाल्दोने खांदे उडवले. "जुन्या तारा आहेत. काहीही ऐकू येतं. चल, पुन्हा."

दुसऱ्यांदा काही झालं नाही. गाणं एका दमात झालं.

ते ऐकायला आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. उबाल्दोने बटण दाबलं...



दॉन चेंचोंनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नक्कल करणारे मी पुष्कळ ऐकलेत. ही नक्कल नव्हती. ओळीच्या शेवटी आवाज किंचित फाटायचा, तोसुद्धा मेलितोनचाच होता.

निकांद्रो मात्र कपाळाला आठी घालून ऐकत होता.

"छान आहे," तो हळूच मला म्हणाला. "पण यात म-मी कुठे आहे?"

---

चौथ्या गाण्याच्या दिवशी आम्ही कोपऱ्यावर कोळंबीचे तोस्तादा खायला गेलो. निकांद्रोने गाडीवालीला हाक मारली.

"दोन माझे, दोन याचे. मिरची वेगळी द्या, आणि लिंबू जरा सढळ हाताने."

आम्ही त्याच्याकडे बघतच राहिलो.

एकदाही अडला नव्हता.

"अरे वा!" तोमासोने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेलितोनने तुझी जीभ सरळ केली की!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निकांद्रोही खूश झाला. चौतीस वर्षं ज्याने छळलं, ते एका आठवड्यात पळालं. कोण खूश होणार नाही?

रविवारी त्याने फोन लावला.

"लाला, ऐक. आता मी अडखळत नाही."



"कोण बोलतंय?"

"मी. नीको."

"फोन नीकोला द्या."

"लाला, मीच आहे गं!"

"हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. त्याचा फोन तुमच्याकडे कसा आला? त्याला काही झालंय का? खरं सांगा."

 त्याला आधी हसू आलं, मग राग आला.

"आईच्या दफनाला तू माझा डावा हात धरला होतास. मी शाळेचे बूट घातले होते. एक मोठा होत होता म्हणून तू त्यात कागद कोंबलास. हे दुसऱ्या कोणाला माहीत असेल?"

ती रडायला लागली.

"हे त्याने तुम्हाला सांगितलं असेल," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्याने लगेच व्हिडिओ कॉल केला. तिने उचलला. त्याचा चेहरा पाहिला. हात तोंडावर नेला.

"नीको?"

"हो, लाला. बघ ना, मीच आहे."

ती पडद्याकडे टक लावून बघत होती. तो बोलत होता तसतसा तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"तोंड त्याचं आहे," ती पुटपुटली. "आई गं... तोंड त्याचंच आहे."

आणि पडदा काळा झाला.

---

त्या संध्याकाळी निकांद्रोने फोनमधले जुने व्हॉइस मेसेज काढले. तिला पाठवायचे, म्हणजे खातरी पटेल, असा विचार.

एक लावला. सोळा सेकंदांचा.

मागे कुत्रा भुंकतोय. रस्त्यावरची गाडी ऐकू येतेय.

पण... बोलत कोणीच नाही.

दुसरा लावला. तिसरा. सगळे तसेच. लाटांचा आवाज, भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी हसणं. त्याचा आवाज जिथे असायला हवा, तिथे पोकळी.

त्याच्याकडे मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ होता. त्यात तो जेवणाआधी दोन शब्द बोलला होता, अडखळत, सगळ्यांना हसवत.

व्हिडिओत त्याचे ओठ हलत होते. लोक हसत होते. पेले वाजत होते.

त्याचे ओठ नुसतेच हलत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला हे दाखवलं. मी म्हटलं, फोन बिघडला असेल.  माझाही माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

"दॉन चेंचोंना सांग, हे थांबवू या," मी म्हणालो.

"सात वर्षं मी मागे उभा होतो, कोंपाद्रे," तो म्हणाला. त्या खोल, भरीव आवाजात. "उरलेली गाणी होऊ देत. मग बघू."

---

आठव्या गाण्याला मेलितोनची बायको आली.

दोन्या एर्मेलिंदा; बाईला मानाने दोन्या म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. काळा झगा, हातात पेरूच्या वड्यांचा डबा. दॉन चेंचोंनी त्यांना मानाने बोलावलं होतं. त्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटून ऐकू लागल्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी हातातला डबा सोडला नाही.

निकांद्रो बाहेर आला. त्यांना दारापर्यंत पोचवायला निघाला. पायऱ्यांवर त्याने त्यांचा हात धरला आणि म्हणाला...

"जपून उतर, पोल्विता."

म्हातारी जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालास?"

निकांद्रो गोंधळला. आपण असं का म्हणालो, त्यालाच कळेना. इतक्या मोठ्या बाईला अरेतुरे!

"माफ करा, दोन्या. तोंडातून निघून गेलं."

"मी पिठाच्या गिरणीत कामाला होते," त्या सावकाश म्हणाल्या. "अठरा वर्षांची. केसांपासून नखांपर्यंत पिठाने माखलेली असायचे. तो मला पोल्विता म्हणायचा. धुळीचा कण. लग्नानंतर कधी म्हणाला नाही. हे नाव कोणालाच माहीत नाही, पोरा. माझ्या मुलांनाही नाही."

मी मागेच उभा होतो. मला वाटलं, आता ही किंचाळेल. पळून जाईल.

तिने निकांद्रोच्या गळ्यावर हात ठेवला.

"त्याचा घसा कापला होता डॉक्टरांनी," ती म्हणाली. "शेवटचे अकरा महिने त्याला आवाज नव्हता. पाटीवर लिहायचा. रोज दुपारी तीनला मला इथे आणायला लावायचा. त्या खोलीत जायचा, माइकपुढे उभा राहायचा आणि तोंड उघडायचा. मी काचेतून बघायचे. काही ऐकू यायचं नाही. तास तास उभा असायचा. एकदा पाटीवर लिहिलं, माझा आवाज इथेच कुठेतरी राहिलाय."



"दोन्या... मग मी काय करू?"

म्हातारीच्या डोळ्यांतून धार लागली होती. पण चेहरा घाबरलेला नव्हता. तिथेच मला खरी भीती वाटली.

"बोल," ती म्हणाली. "अजून थोडं बोल."

त्यानंतर ती रोज यायला लागली.

---

अकरा गाणी झाली. एकच उरलं. शेवटचं, निरोपाचं गाणं.

त्या शुक्रवारी सकाळी लालाने स्वतःहून फोन केला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. निकांद्रोने झडप घालून उचलला.

"लाला!"

"तुम्ही कोण आहात ते मला सांगू नका," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, तुम्ही त्याला कुठे ठेवलंय?"

"कोणाला?"

"माझ्या भावाला. तो मला रोज फोन करतो."

निकांद्रो खुर्चीत बसला.

"कधी?"

"दुपारी तीनला. नंबर दिसत नाही. फार लांबून बोलल्यासारखा आवाज येतो. म्हणतो, ल-ल-लाला, अंधार आहे. दाराला खटका नाही. मी टकटक करतो, पण काचेपलीकडे कोणी बघत नाही."

"लाला, तीन वाजता माझा फोन बंद असतो. मी आत गात असतो."

"तो पण तेच म्हणतो," ती म्हणाली. "म्हणतो, आत कोणीतरी गातंय."

---

मी त्याला सांगितलं, जाऊ नकोस. तोमासोनेही सांगितलं. चेष्टा केव्हाच संपली होती.

"गायला नाही जात," निकांद्रो म्हणाला. "घ्यायला जातोय. माझं आहे ते."

तीन वाजले. तो आत गेला. उबाल्दोने दार लावलं. दोन्या एर्मेलिंदा खुर्चीत बसल्या होत्या. आम्ही काचेपाशी.

त्याने हेडफोन चढवले. उबाल्दोने आमचं वाजवणं सुरू केलं. निकांद्रोने ओठ घट्ट मिटून घेतले.

तो गाणार नव्हता. तो ऐकणार होता.

पुढचं मला त्याने नंतर सांगितलं.

आधी क्लॅरिनेट ऐकू आली. मग ट्रॉम्बोन. मग हळूहळू सगळी वाद्यं मागे मागे गेली, रस्त्यावरून वरात लांब जावी तशी. शेवटी कानात काहीच उरलं नाही.

आणि मग...

फार लांबून कोणीतरी बोलत होतं. हळू आवाजात. अडखळत.

त्याचाच आवाज होता.

"...न-नाही, जेवलो नाही. भूक ल-लागत नाही इथे..."

मध्ये थांबत होता. पलीकडच्याचं ऐकल्यासारखा.

"...ह-हो, आठवतं ना. बुटात क-कागद..."

निकांद्रोला राहवलं नाही. तो ओरडला, "मी इथे आहे! ये! माझ्याकडे ये!"

आम्हाला काचेतून फक्त त्याचं उघडलेलं तोंड दिसलं.

हेडफोनमधला आवाज एकदम थांबला. श्वास रोखल्यासारखा.

मग अगदी हळू, भेदरलेला, अगदी कानाजवळ...

"ल-ल-लाला... फ-फोन ठेवू नकोस. तो आत आलाय."

निकांद्रोने हेडफोन ओढून फेकले. दोन्ही मुठींनी काच बडवू लागला. उबाल्दोने धावत जाऊन दार उघडलं. तो बाहेर पडला आणि फरशीवर गुडघ्यांवर बसला. घामाने चिंब. दॉन चेंचो त्याला पाणी पाजत होते.

"झालं," ते म्हणाले. "अकरा पुरेत. बारावं नको. चुलीत जाऊ दे."

उबाल्दो मात्र आपल्या टेबलापाशी उभा होता. पडद्याकडे बघत.

"दॉन चेंचो," तो म्हणाला. "बारावं... भरलं गेलंय."

"काय बडबडतोस? त्याने एक ओळसुद्धा गायली नाही."

उबाल्दोने बटण दाबलं.

गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होतं. स्वच्छ. कुठे ओरडणं नाही, कुठे काच बडवल्याचा आवाज नाही. एवढं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही, आणि पुन्हा ऐकायची इच्छाही नाही.

दोन्या एर्मेलिंदा डोळे मिटून बसल्या होत्या. ओठांवर हसू होतं.

---

आम्ही ते गाणं पुसायला हवं होतं. नाही पुसलं. का, ते विचारू नका. सोळा जणांची वीस वर्षांची आस होती त्यात.

ऑक्टोबरच्या शेवटी, मृतांच्या दिवसांच्या सणाआधीच्या आठवड्यात अल्बम बाहेर आला. गल्लोगल्ली वाजला. निकांद्रोचं पूर्ण नाव छापलं होतं. त्याने तो घरी नेला नाही.

तो आता गात नाही. बंदरावर बर्फाच्या कारखान्यात काम करतो. तिथे यंत्रं एवढी घरघरतात की बोलावं लागत नाही. घरीही गप्प असतो.

फक्त गुरुवारी दुपारी दोन्या एर्मेलिंदा पेरूच्या वड्या घेऊन येतात. त्या समोर बसतात, आणि तो बोलतो. काय सुचेल ते. हवा, मासळी, पेपरातली बातमी. त्या ऐकतात.

"कशाला येऊ देतोस तिला?" मी एकदा चिडून विचारलं.

"माझा आवाज ऐकून कोणाला तरी बरं वाटतं," तो म्हणाला. "एवढं तरी असू दे."

मागच्या महिन्यात त्याने पुन्हा एकदा धीर केला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. रविवार होता. त्याने लालाला फोन लावला.

लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. तासभर तेच.

शेवटी तिने उचलला. पण ती आधी त्याच्याशी बोलली नाही. तोंड दुसरीकडे वळवून बोलावं तसा तिचा आवाज आला. हळू, मायेने, लहान मुलाला समजवावं तसा.

"एक मिनिट हं, नीको. दुसऱ्या फोनवर कोणीतरी आहे. घाबरू नकोस, मी ठेवत नाही."

मग ती त्याच्याशी बोलली. अगदी सभ्यपणे.

"साहेब, कृपा करून इथे पुन्हा फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की माझा भाऊ रडतो."